एमबीएचे उद्दिष्ट ठरवताना लिंक्डइनचा आधार

व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश मुलाखतीत ‘एमबीएनंतर काय करणार?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. वास्तवाला धरून उत्तर शोधण्यासाठी लिंक्डइन हे व्यावसायिक संपर्काचे संकेतस्थळ उपयुक्त ठरते. २००३ मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे.

संस्थेच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांच्या विभागात शहर, कंपनी, कामाचे क्षेत्र आणि शिक्षणाची वर्षे यांनुसार शोध घेता येतो. त्यात आजच्या पदापेक्षा दोन नोंदी अधिक महत्त्वाच्या असतात : प्रवेशापूर्वीचा अनुभव आणि अभ्यासक्रमानंतरची पहिली नोकरी. उदाहरणार्थ, तीन वर्षे सॉफ्टवेअर क्षेत्रात काम केलेल्या उमेदवाराला व्हेंचर कॅपिटल क्षेत्रात जायचे असल्यास, तशीच पार्श्वभूमी असलेले किती जण तेथे थेट पोहोचले, हे त्याने पाहावे. बहुतेक जण आधी सल्लागार कंपनीत गेल्याचे आढळल्यास ती नोकरी अल्पकालीन, तर व्हेंचर कॅपिटल हे दीर्घकालीन उद्दिष्ट ठरते.

या साधनाला मर्यादाही आहेत. तेथील माहिती सदस्यांनी स्वतः भरलेली असते. यश ठळकपणे मांडले जाते, अपयशाची नोंद क्वचितच आढळते. त्यामुळे संस्थेच्या प्लेसमेंट अहवालाशी ती पडताळून घ्यावी. अहवालातील सरासरी वेतनापेक्षा मध्यक वेतन अधिक विश्वासार्ह असते, कारण मोजक्या मोठ्या पगारांमुळे सरासरी फुगते. लाखो रुपयांचे शैक्षणिक कर्ज घेण्यापूर्वीच उद्दिष्ट बदलणे केव्हाही कमी खर्चाचे ठरते.