शिक्षकांची सावड

सावड हा शब्द आता आमच्या खराडीत कुणाच्या तोंडी राहिलेला नाही. जिथं माझ्या चुलत्याची ज्वारी उभी असायची तिथं आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. तिथं काम करणाऱ्या पोराला सावड म्हटलं तर तो सावली समजेल. म्हणून आधी शब्द सांगतो, मग गोष्ट.

नांगराला बैलांची जोडी लागते. गरिबाच्या दावणीला एकच बैल असायचा. शेजाऱ्याकडंही एकच. मग दोघं मिळून जोडी करायची. आज माझं वावर, उद्या तुझं. याला सावड म्हणायचे. पैशाचा व्यवहार नाही, कागद नाही. पण एक अडचण असायची. दोन घरचे बैल एका जुवाखाली लगेच चालत नाहीत. पहिले दोन दिवस शिंगं दाखवतात, एक पुढं ओढतो, एक मागं रेटतो. जाणता शेतकरी आधी दोघांना एका गव्हाणीत वैरण टाकायचा आणि मगच जू मानेवर ठेवायचा.

ही सावड मी पहिल्यांदा शेतात नाही, शाळेत पाहिली.

माझा जन्म पानशेतच्या पुराच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे १९६० चा. तिसरी आणि चौथी मी आजोळी काढली. गावाचं नाव घेत नाही, कारण पुढची गोष्ट तिथल्या शाळेची आहे आणि त्यातली माणसं आता नाहीत. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरीला बाई, तिसरी-चौथीला मोठे गुरुजी. खोली एकच होती, म्हणून धाकटे वर्ग देवळाच्या मंडपात बसायचे. गुरुजी पन्नाशी ओलांडलेले, धोतर, काळी टोपी. बाई नुकत्याच ट्रेनिंग करून आलेल्या, बावीस-तेवीस वर्षांच्या असतील.

दोघं एकमेकांशी बोलत नसत. का, ते आम्हा पोरांना कळायचं कारण नव्हतं. गुरुजी म्हणायचे, "खालनं पोरं कोरी येतात, मी काय करू?" बाई म्हणायच्या, "मला दोन वर्गांत साठ पोरं, ती वर चढवायची तरी कशी?" हे दोघं समोरासमोर कधीच म्हणाले नाहीत. मधला निरोप्या मी. "बाईंना सांग, हजेरीचा तक्ता पाठवा." "गुरुजींना सांग, खडू संपले." देवळापासून खोलीपर्यंत पन्नास पावलं असतील. ती मी दिवसातून दहादा घालायचो आणि त्या कामाचा मला मोठा तोराही होता.

चौथीत असताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. गुरुजी पुस्तक हातात धरायचे, पण वाचायला आम्हालाच लावायचे. शुद्धलेखनाच्या पाट्या शेजारच्या पोराकडून तपासून घ्यायचे. एकदा फळ्यावर माझं चुकलेलं गणित त्यांनी बरोबर म्हणून पुसलं. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते लपवत होते. नोकरीची चार-पाच वर्षं राहिली होती, घरी लग्नाच्या दोन मुली. दिसत नाही असं वर कळलं तर काय होईल, ही भीती.

मी काय केलं असेल? निरोप्याच तो. बाईंना जाऊन सांगितलं. "बाई, गुरुजींना दिसत नाही." सांगताना मला मजा वाटत होती, हे आज कबूल करतो. वाटलं, बाई खूष होतील. पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते, तेव्हा त्यांच्या कानावर घालतील.

बाई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला निरोप दिला नाही. शाळा सुटल्यावर स्वतः ती पन्नास पावलं चालत आल्या. मी दप्तर भरायच्या निमित्तानं रेंगाळलो होतो. बाई म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या पोरांचे पाढे कच्चे आहेत. तुमच्यासारखी पावकी-निमकी मला येत नाही. दुपारी तासभर माझा वर्ग घ्याल का? तेवढा वेळ मी तुमच्या पोरांचं वाचन-लेखन घेते."

डोळ्यांचं नाव नाही. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "बसा बाई."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी वर्गांची अदलाबदल झाली. पाढे, तोंडी हिशेब, बाजारातला भाव, याला डोळे लागत नाहीत. गुरुजी देवळात खांबाला टेकून बसायचे आणि पहिलीची पोरं डोलत म्हणायची. इकडं बाईंनी आमच्या वह्या पहिल्यांदा उघडल्या आणि लाल शाईनं भरून टाकल्या. मला बरोबर म्हणून मिळालेली किती गणितं चूक होती ते तेव्हा कळलं. तपासणी झाली. साहेबांपुढं धड्याचं वाचन बाईंनी घेतलं, हिशेब गुरुजींनी घेतले. पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत गुरुजींनी पुण्यात जाऊन डोळा करून घेतला. डॉक्टरकडं न्यायला बाईंचे भाऊ गेले होते.

कुणी म्हणेल, बाईंनी हे झाकायला नको होतं, पोरांचं वर्षभर नुकसान झालंच की. खरं आहे. नुकसान झालं ते दोघं बोलत नव्हते तेव्हा. बोलायला लागल्यावर ते थांबलं. गुरुजींनीही परतफेड केली. शेतात राखणीला घातलेल्या पोरी शाळेत कशा आणायच्या, कुठल्या घरी आजीशी बोलायचं आणि कुठल्या घरी आजोबांशी, हे सगळं त्यांनी बाईंना हाताला धरून दाखवलं. पुस्तकात हे कुठं होतं?

मी दहावीपर्यंत शिकलो. १९७६ ला परीक्षा दिली आणि नांगर धरला. पण वाचायची सवय राहिली, ती बाईंची. पुढं सावित्रीबाईंविषयी वाचताना तेच देऊळ आणि तीच खोली डोळ्यांपुढं यायची.

आपण सावित्रीबाई फुल्यांचा फोटो लावतो, हार घालतो. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली हे पोरंसुद्धा सांगतात. पण त्या शाळा एकट्या-दुकट्याच्या जोरावर चालल्या नाहीत, हे आपण विसरतो. जोतीरावांनी अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. तिथं त्यांना नेणारे त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे. म्हणजे आधी दुसऱ्याचा वर्ग पाहिला, मग आपला काढला. तो नगरचा रस्ता आमच्या खराडीच्या शिवेवरून जातो. आज तिथं गाड्यांची रांग लागलेली असते. त्या रांगेत अडकलो की मला गोवंडे आणि जोतीराव आठवतात. पुढं सखाराम यशवंत परांजपे, मोरो विठ्ठल वाळवेकर अशी माणसं शाळांच्या कामात उभी राहिली. जाती वेगळ्या, घरं वेगळी, जू एक. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला, तो या सगळ्यांच्या कामाचा होता असं मी समजतो.

आणि फातिमा शेख. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. १८५६ च्या ऑक्टोबरात त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपण नाही म्हणून फातिमाला जास्त त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं. पत्रातली ही एवढीशी जागा मी कितीदा वाचली असेल. आजारी माणसाला अंथरुणावर आपल्या वर्गाची काळजी लागते आणि दुसऱ्या बाईवर विश्वास ठेवून ती काळजी उतरवता येते. याहून मोठी सावड कुठली?

सरकारलाही ही गोष्ट कळली नव्हती असं नाही. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्यानं सांगितलं की जवळपासच्या शाळा एकमेकींना जोडा, हायस्कूलनं आजूबाजूच्या प्राथमिक शाळांना हात द्यावा. आपल्याकडं पुढं केंद्रशाळा आल्या, केंद्रप्रमुख आले, महिन्याला शिक्षकांचं गटसंमेलन भरायला लागलं. एका गावचं संमेलन मी पालक म्हणून मागं बसून पाहिलंय. सकाळी एका तरुण गुरुजींनी अपूर्णांकाचा पाठ घेतला, भाकरी मोडून. बाकीच्यांनी कुठं पोरं चुकली ते सांगितलं, कुणी आपली युक्ती सांगितली. तो तासभर मी हललो नाही. दुपारनंतर मात्र परिपत्रकांचं वाचन सुरू झालं, कुठली माहिती कुठल्या नमुन्यात भरायची ते, आणि सगळे घड्याळ बघायला लागले. सरकार जू देऊ शकतं. गव्हाणीत वैरण एकत्र टाकायचं काम ज्याचं त्यानं करायचं असतं.

ते केलं तर काय होतं हे साताऱ्याच्या कुमठे बीटनं दाखवलं. तिथं विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी मिळून शिकवायची पद्धतच बदलली. फरशीवर आखलेली अक्षरं, खडे, बिया, काड्या. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून तिथं वर्ग बघायला गेले. फॅरारबाईंची शाळा बघायला जोतीराव गेले, तसेच.

आता घरची गोष्ट. खराडी १९९७ ला महापालिकेत गेली. नांगर सुटला, शाळा मात्र वाढल्या. माझी थोरली सून एका खाजगी शाळेत शिकवते. एका दिवाळीच्या आधी ती स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता रडायला लागली. "अण्णा, मी सोडते नोकरी."

तिच्या वर्गात एक मुलगा होता. दोन वर्षं झाली, अक्षर लागत नव्हतं. तिनं सगळं करून पाहिलं होतं. मी म्हटलं, "अगं, शेजारच्या तुकडीच्या बाईंना विचार की."

ती म्हणाली, "विचारता येत नाही. तुकडीतुकडीचा निकाल लावतात, पगारवाढ त्याच्यावर. मला येत नाही असं कळलं तर तेच कागदावर जाईल. त्यासुद्धा त्यांच्या सरावाच्या कागदांना कुलूप लावतात."

मला गुरुजींचा मोतीबिंदू आठवला. पन्नास वर्षं गेली, शाळेला लिफ्ट आली, पण भीती तीच. येत नाही हे सांगायची भीती. मी तिला बाईंची गोष्ट सांगितली. जाऊन अडचण सांगू नको, म्हटलं. त्यांना जे चांगलं येतं ते माग.

तिनं तसंच केलं. शेजारच्या बाई गाणी चांगली घेतात, त्या शिकवाल का म्हणून गेली. आठवड्यातून एक मोकळा तास दोघी एकमेकींच्या वर्गात बसायला लागल्या. तिसऱ्याच आठवड्यात त्या बाईंनी त्या पोराला मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला ऐकू कमी येतंय का बघा. डावीकडून हाक मारली की तो वळत नाही." तपासलं, तर खरंच कानाचा दोष. माझी सून रोज समोरून शिकवत होती, तिला ते दिसलं नव्हतं. तिची चूक नव्हती. समोर उभ्या असलेल्या माणसाला मागची बाजू दिसत नाही, एवढंच.

सगळं गोड झालं असं नाही. जूनमध्ये त्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या आणि सून पुन्हा एकटी पडली. आता तिनं नव्यानं आलेल्या एका मुलीला धरलंय. ती मुलगी घाबरलेली असते, कागदांना कुलूप लावते. सून म्हणते, लागेल वेळ.

शेतातली सावड बैलांबरोबर गेली, तिच्यासाठी रडून उपयोग नाही. शाळेतली मात्र अजून धरता येईल. आपण पालक शाळेत गेलो की पहिलं विचारतो, कुठल्या तुकडीचा निकाल जास्त? त्या प्रश्नानं आपणच दोन बैलांना शिंगं लावायला शिकवतो. त्याऐवजी एवढंच विचारावं, की बाई, तुम्ही शेजारच्या वर्गात शेवटच्या कधी बसला होता? आणि बसायला तास मिळत नसेल, तर तो मागायला आपण त्यांच्याबरोबर मुख्याध्यापकांच्या दारात उभं राहावं.