दहा एकतीसचा आदेश

१/ ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी अमेरिकेत चार प्रवासी विमानांचे अपहरण झाले. एवढे बलाढ्य हवाई दल असताना एकही विमान वाटेत का पाडले गेले नाही, हा वाद अद्याप शमलेला नाही. त्याचे बरेचसे उत्तर त्या सकाळच्या घड्याळात आहे.

२/ शीतयुद्धानंतर मुख्य भूमीच्या रक्षणासाठी ७ तळांवर अवघी १४ लढाऊ विमाने सज्ज असत. ईशान्य विभागाकडे त्यांपैकी चार होती. दोन ओटिस येथे, दोन लँग्ली येथे. शत्रू समुद्रापलीकडून येईल, हे त्यामागील गृहीतक.

३/ अपहरणाचे नियमही जुन्या अनुभवावर बेतलेले होते. अपहरणकर्ते मागण्या मांडतील, वाटाघाटींना अवधी मिळेल. लढाऊ विमानाने पाच मैल मागे राहून पाठलाग करावा, एवढेच अपेक्षित होते.

४/ ८:३७ वाजता बोस्टनच्या हवाई नियंत्रण केंद्राने लष्कराला पहिल्या अपहरणाची वर्दी दिली. ८:४६ वाजता ओटिसच्या एफ-१५ विमानांना उड्डाणाचा आदेश मिळाला आणि त्याच मिनिटाला न्यूयॉर्कच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळले. ९:०३ वाजता दक्षिण मनोऱ्यावर दुसरे आदळले. त्याची वर्दी लष्कराला तेव्हाच मिळाली.

५/ ९:२१ वाजता चुकीची खबर आली: पहिले विमान अद्याप हवेत असून वॉशिंग्टनकडे निघाले आहे. त्यावरून लँग्लीची एफ-१६ विमाने ९:३० वाजता उडाली, परंतु पूर्वेस समुद्राकडे गेली. ९:३७ वाजता पेंटागॉनवर आघात झाला, तेव्हा ती सुमारे १५० मैल दूर होती.

६/ चौथ्या विमानातील प्रवाशांनी ९:५७ वाजता प्रतिकार आरंभला. १०:०३ वाजता ते पेनसिल्व्हेनियात शँक्सव्हिलजवळ कोसळले. त्याच्या अपहरणाची वार्ता लष्कराला मिळाली १०:०७ वाजता. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी विमान पाडण्यास दिलेली अनुमती ईशान्य विभागात पोहोचली १०:३१ वाजता. तेथील अधिकाऱ्यांनी ती वैमानिकांना कळवली नाही. तिचा अंमल कसा करावा, याविषयी त्यांनाच खात्री नव्हती.

७/ त्याच सुमारास अँड्र्यूज तळावरून मार्क सॅसव्हिल आणि हेदर पेनी यांनी क्षेपणास्त्रांविना उड्डाण केले. अपहृत विमान दिसल्यास आपले विमानच त्यावर आदळवायचे, असे त्यांनी ठरवले होते.

८/ आदेश वेळेत आला असता, तर तो न्याय्य ठरला असता काय? जर्मनीने २००५ मध्ये अशी अनुमती देणारा कायदा केला. १५ फेब्रुवारी २००६ रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद रद्द केली: इतरांना वाचवण्यासाठी निरपराध प्रवाशांना केवळ साधन मानणे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे.

९/ म्हणून या वादात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. विमाने पाडता आली असती काय, याचे उत्तर वरील मिनिटांत मिळते. ती पाडावीत काय, याचे उत्तर कोणत्याही रडारवर उमटत नाही. ते संकटापूर्वी, शांततेच्या काळात समाजालाच ठरवावे लागते.