डोळ्यांपुढील काजवे

अंधारांत चालतांना कपाळ दाराच्या चौकटीवर आदळलें, कीं आपण म्हणतों, ‘डोळ्यांपुढें काजवे चमकले.’ घरांत काजवा नव्हता, दिवाही नव्हता. चमक मात्र खरोखरच दिसली. प्रकाशावांचून दिसलेली ही चमक कोठून आली? प्रश्न पोरकट वाटतो. परंतु त्याचें उत्तर शोधण्यांत शास्त्रज्ञांचीं अडीचशेंहून अधिक वर्षें गेलीं, आणि त्या उत्तरावर आज कित्येक अंध माणसांची आशा अवलंबून आहे. म्हणून त्या शोधाचा इतिहास आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे.

आरंभ मात्र आपल्याच भूमीवरून करतों. अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं नेवासें हें क्षेत्र आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, तेथें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. अमृतानुभवही तेथेंच रचिला गेला अशी परंपरा आहे. ज्ञानदेवांच्या तत्त्वविचारांत द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी वारंवार येते. पाहणारा, पाहिलें जाणारें आणि पाहणें, अशीं हीं तीन अंगें. त्यांचें बोलणें आत्मस्वरूपाविषयीं होतें. त्यांत आधुनिक शास्त्र शोधीत बसणें हा दोघांवरही अन्याय होईल. तथापि ते तीन शब्द आपल्याला फार उपयोगी पडतात. आपली साधी समजूत अशी, कीं दृश्य असेल तरच दर्शन घडेल. मग दृश्य मुळींच नसतांना दर्शन घडलें, तर तें कोणाचें म्हणावयाचें?

हा प्रश्न प्रयोगाला लावण्याचें साधन अठराव्या शतकांत हातीं आलें. तें साधन म्हणजे वीज. १७५५ सालीं फ्रान्समधील शार्ल ल रॉय या वैद्यानें एका अंध तरुणाच्या डोक्याभोंवतीं आणि पायाला तारा गुंडाळून त्यांतून सांठविलेल्या विजेचा धक्का दिला. त्या काळीं वीज ही नवी संजीवनी समजली जात होती, आणि तिनें गेलेली दृष्टि परत येईल अशी त्याची उमेद होती. धक्का बसतांच एक ज्वाळा डोळ्यांपुढून झरकन् खालीं उतरली, असें त्या तरुणानें सांगितलें. त्याची दृष्टि मात्र आली नाहीं. ज्वाळा दिसली, पण जग दिसलें नाहीं! या एका प्रयोगांत पुढील सर्व इतिहास बीजरूपानें सांठवलेला आहे.

१८०० सालीं व्होल्टानें आपली विद्युत्घटमाला जगापुढें मांडली. तिच्या प्रवाहानें डोळ्यांत चमक उठते, हेंही त्यानें नमूद केलें. जर्मनींतील रिटर आणि बोहेमियांतील पुर्किन्ये या संशोधकांनीं स्वतःच्याच डोळ्यांवर प्रयोग केले. प्रवाह सुरू करतांना व तोडतांना चमक ठळक दिसते. प्रवाहाची दिशा पालटली, कीं दिसणारा रंगही पालटतो, असें त्यांना आढळलें. या सर्वांचा अर्थ योहानेस म्यूलरनें १८२६ सालीं सांगितला. दृष्टीच्या मज्जातंतूला प्रकाशानें जागवा, दाबानें जागवा, वा विजेनें जागवा. त्याला एकच भाषा येते, आणि ती प्रकाशाची. कपाळाला लागलेल्या चौकटीचे काजवे होतात ते याचमुळें.

आतां उलट प्रश्न उभा राहिला. विजेनें प्रकाश दिसतो, तर प्रकाशानें डोळ्यांत वीज उत्पन्न होते काय? १८६५ सालीं स्वीडनमधील उप्साला येथें होल्मग्रेननें बेडकाच्या डोळ्यावर प्रकाश पाडून त्यांतील विद्युत्प्रवाह पालटतो असें दाखविलें. पुढें १८७३ मध्यें ड्यूअर आणि मॅकेन्ड्रिक यांनींही स्वतंत्रपणें तेंच पाहिलें. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनीं गॅलेना या खनिजाचें प्रकाशाला व विद्युत्-लहरींना जागणारें उपकरण बनवून त्याला कृत्रिम दृष्टिपटलच मानलें, आणि १९०२ सालच्या आपल्या ग्रंथांत सजीव व निर्जीव यांच्या अशा प्रतिसादांची तुलना केली.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आंतल्या मागच्या भिंतीला लागलेला अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पडदा. त्यांत मुख्यतः तीन थर कामास लागलेले असतात. पहिल्या थरांतील पेशी प्रकाश झेलतात. मधल्या थरांतील पेशी तो निरोप पुढें नेतात. शेवटच्या थरांतील पेशींचे सुमारें दहा लक्ष तंतु तो मेंदूकडे पोंचवितात. नवल असें, कीं प्रकाश झेलणाऱ्या पेशींतून अंधारांतच एक सूक्ष्म प्रवाह अखंड वाहत असतो, आणि प्रकाश पडला कीं तो कमी होतो. हा पडदा स्वतःच विजेवर चालणारा असल्यामुळें बाहेरून दिलेल्या विजेला तो उत्तर देतो.

येथें एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९६८ च्या सुमारास पॉट्स आणि त्यांचे सहकारी यांनीं डोळ्यावर बसणाऱ्या कांचेच्या आधारानें मंद प्रवाह देऊन मेंदूंत उमटणारें उत्तर मोजलें. एका आनुवंशिक रोगांत प्रथम रातांधळेपणा येतो आणि पुढें दृष्टीचें क्षेत्र आकसत जातें. अशा रोग्यांच्या डोळ्यांत प्रकाशाला उत्तर मिळेनासें झालें होतें, तरी विजेला मिळत होतें. पहिला थर झडला होता, पण मागचे थर जिवंत होते! दार बंद झालें होतें, परंतु घर ओसाड नव्हतें.

मग त्या घरांत दुसऱ्या वाटेनें शिरण्याचे प्रयत्न झाले. ऑस्ट्रेलियाच्या टॅसिकरनें १९५६ मध्येंच दृष्टिपटलामागें प्रकाशानें वीज उत्पन्न करणारी चकती बसवून एका अंधास उजेडाचा भास घडविला होता. पुढें चष्म्यांतील कॅमेऱ्याशीं जोडलेलें, दृष्टिपटलावर साठ विद्युत्-टोकें टेकविणारें यंत्र निघालें. त्याला २०११ मध्यें युरोपांत व २०१३ मध्यें अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्यानें कित्येकांना दाराची चौकट ओळखूं आली, समोरून कोणी गेलें तें कळूं लागलें. आप्ताचा चेहरा मात्र दिसला नाहीं. पुढें निर्मात्यांनीं २०१९ मध्यें तें बनविणें थांबविलें, आणि ज्यांच्या डोळ्यांत तें बसलेलें होतें त्यांना दुरुस्तीसाठीं वाली उरला नाहीं. शस्त्रक्रिया एका दिवसाची, पण तिची जबाबदारी जन्माची, हा धडा जगानें फार महाग घेतला.

२०२५ सालीं टॅसिकरच्या कल्पनेला अधिक चांगलें फळ आलें. वार्धक्यांत दृष्टीचा मध्यभाग गमावलेल्या ३८ रोग्यांच्या दृष्टिपटलाखालीं दोन मिलिमीटर लांबरुंद व ३७८ टोकांची चकती बसविण्यांत आली. चष्म्यांतून येणाऱ्या अदृश्य किरणांवर ती चालते. वर्षअखेर तपासलेल्या ३२ जणांपैकीं २६ जणांची वाचनशक्ति लक्षणीय सुधारली. हें दर्शन रंगहीन आहे, आणि त्यासाठीं महिनोन्‌महिने शिकावें लागतें. तरी अक्षर अक्षर जोडून शब्द लागतो, ही गोष्ट लहान नव्हे.

तर मग विजेनें आंधळेपण जाईल काय? याचें उत्तर एकाच प्रतिप्रश्नांत आहे: डोळ्यांतील काय मेलें आहे आणि काय जिवंत आहे? मोतीबिंदु हा भिंगाचा दोष. तेथें दृष्टिपटल बहुधा धड असतें, आणि साध्या शस्त्रक्रियेनें काम होतें. काचबिंदूनें दृष्टीचा तंतुच मेला, तर दृष्टिपटलावर टेकविलेल्या विजेचा निरोप नेणार कोण? १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगर जिल्ह्यानेंही होरपळ सोसली. अशा उपासमारींत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानें मुलांना आधीं रातांधळेपणा येतो, आणि पुढें बुबुळावरचा पारदर्शक पडदाच विरघळून जातो. तेथें उपाय विजेचा नव्हे; दूध, अंडें, शेवग्याचा पाला यांचा, आणि तोही वेळेवर. १८३१ पासून नगरास ठाणें असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड यांनीं १९०० सालीं मुंबईंत अंधांची शाळा काढली. तिनें मुलांना दृष्टि दिली नाहीं. बोटांना वाचावयास शिकविलें. तीही एक दुसरी वाटच होती.

श्रोतेहो, उद्यां कोणी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस विजेच्या उपचारानें डोळे उघडून देण्याचें आश्वासन दिलें, तर त्यास ल रॉयच्या त्या तरुणाची गोष्ट अवश्य सांगावी. चमक दाखविणें १७५५ सालींही अवघड नव्हतें. त्या काजव्यांच्या उजेडांत एक शब्द वाचतां यावा, यासाठीं २७० वर्षें लागलीं. आणि तीं लागलीं म्हणूनच त्या शब्दावर आज विश्वास ठेवतां येतो.