इंद्रधनुष्य-सेतूवरील स्मृतिपाटी

अमेरिकेच्या युटा राज्यांत, दक्षिण सीमेजवळ, नॅव्हाहो पर्वताच्या पायथ्याशीं एक सेतु उभा आहे. तो कोणा स्थापत्यविशारदानें बांधिलेला नाहीं. ओढ्याच्या पाण्यानें वालुकाश्मांतून युगानुयुगें कोरून काढिलेली ती कमान आहे. उंची सुमारें २९० फूट. इंग्रजींत तिला ‘रेनबो ब्रिज’, म्हणजे इंद्रधनुष्य-सेतु, म्हणतात. नॅव्हाहो व पायूट या मूळच्या रहिवाशांना ती पूर्वापार ठाऊक होती आणि पवित्रहि होती.

१४ ऑगस्ट १९०९ रोजीं प्राध्यापक बायरन कमिंग्ज व सरकारी मोजणीदार विल्यम डग्लस तेथें पोंचले, आणि सेतूचा ‘शोध’ लागला असें जाहीर झालें. शोधाचें श्रेय कोणाचें, याविषयीं दोघांचा वाद पुढें बराच काळ चालला. वाट दाखविणारे नास्जा बेगे व जिम माइक हे मात्र पायूट होते. १९१० त राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनीं सेतूभोंवतालची १६० एकर जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली.

नास्जा बेगे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथींत निवर्तले. १९२७ सालीं सेतूपाशीं त्यांच्या नांवाची ब्राँझची पाटी अर्पण करण्यांत आली. गोऱ्या माणसास येथें प्रथम आणणारे ते हेच, असा त्यावरील लेखाचा आशय आहे.

अशा समारंभाच्या छायाचित्रांत कमान दिसते, पाटी दिसते. भूमि कोणाची, हें मात्र दिसत नाहीं. सान हुआन नदीच्या दक्षिणेचा हा पट्टा १९०७ त पायूटांसाठीं राखून ठेविला होता. १९२२ त सरकारनें तो परत घेऊन सार्वजनिक जमिनींत जमा केला. म्हणजे वाटाड्याचा गौरव झाला तेव्हां त्यांच्या जमातीचा हक्क पांच वर्षांपूर्वींच संपुष्टांत आला होता! १९३३ त हा पट्टा नॅव्हाहोंच्या राखीव प्रदेशांत कायमचा सामील झाला. पायूटांना तो परत मिळाला नाहीं.

जिम माइक यांच्या नांवाची पाटी लागावयास १९७४ साल उजाडलें. तोंवर ग्लेन कॅन्यन धरणाचें पाणी सेतूखालीं शिरलें होतें. नॅव्हाहो धर्मवैद्य न्यायालयांत गेले. १९८० त अपिलांतहि निकाल त्यांच्याविरुद्धच गेला. १९९५ पासून प्रवाशांनीं कमानीखालून जाऊं नये, अशी विनंती स्मारकाचे अधिकारी करीत आले आहेत. ब्राँझवर नांव कोरणें सोपें; ज्यांची ती भूमि, त्यांचा शब्द मानणें त्याहून कितीतरी कठीण.