चाकाचे पाणी
बुलढाणा जिल्ह्यातला कापूस चाकांवर आला तो तसा उशिराच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. पाठीवर ओझे नेणाऱ्या बैलाला ना बांधलेला रस्ता लागतो, ना चाक. १८६०च्या दशकात मलकापूर, नांदुरा, शेगाव या वाटेने रेल्वे पुढे सरकली. १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. रेल्वेने बैलबंडी मोडीत काढली असे वाटणे साहजिक आहे, पण इथे झाले उलटेच. स्टेशनापर्यंत माल आणायला गावोगाव बंड्या लागू लागल्या. चिखली, मेहकरकडच्या पठारावरून राजूर घाट किंवा बोथा घाट उतरून पायनघाटात, म्हणजे पूर्णेच्या सखल खोऱ्यात, यायचे, तर चाक भक्कमच हवे.

हे चाक सुतार आणि लोहार दोघे मिळून करत. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बाभळीचे वळणदार तुकडे आणि या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. धावेचा घेर मुद्दामच चाकापेक्षा थोडा कमी ठेवत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली, की तिघेचौघे सांडशीने धरून चाकावर बसवत. लाकूड पेट घेई, धूर उठे, घणाचे चार ठोके पडत आणि लगेच घागरीने पाणी ओतले जाई. चर्र आवाज करत लोखंड आकसे आणि आऱ्यांचे सांधे कचकन मिटत. या कामात फार थांबून चालत नाही. पाण्याला उशीर झाला तर लाकूड जळून धाव सैल राहते.

पुढेही या चाकाचे औषध पाणीच होते. पायनघाटात उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. लाकूड सुकून आकसते, आरे खुळखुळतात, धाव निसटू पाहते. म्हणून लांबच्या खेपेआधी चाके नाल्यात किंवा डोहात रात्रभर भिजत ठेवत. लाकूड फुगले की चाक पुन्हा घट्ट. पावसाळ्यात दुखणे वेगळे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती ओली झाली की थरावर थर चढतो आणि आऱ्यांमधली जागा भरून चाकाचा गोळाच होतो. गाडीवान काठीने किंवा खुरप्याने तो खरवडून काढी. आसाला एरंडेल आणि काजळीचे वंगण लागे. त्याचे नळकांडे बंडीखाली लोंबत असे. वंगण संपले की बंडी कुरकुरे, आणि मालकाचा आळस दूरवर ऐकू जाई. दसऱ्याला चाके धुऊन त्यांना हळदकुंकू लागे. ही तेवढी हौस. एरवीची निगा गरजेपोटीच.

डांबरी रस्त्याला लोखंडी धाव सोसवेना. रबरी टायरच्या गाड्या आल्या, त्यामागून ट्रॅक्टर आले आणि धाव चढवणारी भट्टी थंडावली. त्याच डांबरी रस्त्यावरच्या मोटारींना बराच काळ पत्र्याची पोलादी चाके असत. त्यांवर प्लास्टिकचे झाकण लावले की काम भागे. कंपनीतूनच बसवून येणारी अलॉय चाके सर्रास दिसू लागली ती अलीकडे. ही चाके ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. वरून रंग आणि पारदर्शक लॅकर. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि तोच त्याचे कवच असतो. मात्र तीव्र आम्ल किंवा तीव्र खार लागला की हे कवच विरघळते.

याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी मूळचे खारट आणि अल्कधर्मी, सामू १०च्या आसपास. तिथल्या क्षारांचा काच आणि साबण करायला उपयोग होतो, अशी नोंद थेट ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. साबणासाठी नावाजलेला हा खार अलॉयचा मात्र वैरी. कपडे धुण्याचा सोडा असो की फरशीचे अ‍ॅसिड, चाकावर दोन्ही घातकच. टवका उडालेल्या जागेतून ते लॅकरखाली शिरले, की पांढुरके डाग आतल्या आत पसरत जातात.

ब्रेकची काळी भुकटी त्याहून चिवट. डिस्क आणि पॅड घासून उडालेले लोखंडाचे तापलेले कण लॅकरमध्ये रुततात आणि ओल लागली की गंजतात. म्हणून चाक निवल्यावरच, सौम्य शाम्पूने, मऊ ब्रशने आणि वेगळ्या बादलीतल्या पाण्याने धुवावे. तापल्या चाकावर साबण लगेच वाळतो आणि डाग धरतो. चाक कोरडे करून मेण किंवा सिरॅमिकचा लेप दिला, तर पुढची भुकटी नुसत्या पाण्यानेही बरीचशी सुटते. वॉशिंग सेंटरवर बहुधा चाकाची दर्शनी बाजूच चमकते. आतल्या बाजूला काळ्या मातीचा गोळा तसाच वाळला, तर चाकाचा तोल जातो आणि डिसेंबर २०२२ पासून मेहकर, सिंदखेडराजावरून धावणाऱ्या समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते.