फरकाचा सौदा

शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे निवडक कंपन्यांच्या भावांवरून काढलेली आणि बाजाराचा एकूण कल दाखवणारी संख्या, ही मुळात वाचण्याची गोष्ट होती, विकण्याची नव्हे. न्यूयॉर्कमधील पत्रकार चार्ल्स डाऊ यांनी 3 जुलै 1884 रोजी अकरा कंपन्यांच्या भावांची सरासरी प्रसिद्ध केली. त्यांपैकी नऊ कंपन्या रेल्वेच्या होत्या. पुढे 26 मे 1896 रोजी त्यांनी केवळ औद्योगिक अशा बारा कंपन्यांची सरासरी सुरू केली आणि बारा भावांची बेरीज भागिले बारा, इतक्या साध्या गणिताने त्या दिवशी 40.94 हा आकडा आला. आज हाच आकडा, आणि त्याच्यासोबत लंडन, फ्रँकफर्ट व टोकियो येथील निर्देशांक, मोबाइलच्या पडद्यावर खरेदी-विक्रीसाठी मांडलेले असतात. हे स्थित्यंतर सहसा तंत्रज्ञानाची कर्तबगारी म्हणून सांगितले जाते. परंतु त्याचा खरा इतिहास कायद्याच्या दालनात घडला, आणि ‘ज्या वस्तूचा ताबा देताच येत नाही तिचा सौदा हा व्यापार की जुगार’ या एकाच प्रश्नाभोवती तो फिरत राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारायंत्राला जोडलेले ‘टिकर’ हे भाव छापणारे यंत्र अमेरिकेच्या गावोगावी पोहोचले, तेव्हा त्याच्या आधारावर ‘बकेट शॉप’ नावाची दुकाने उभी राहिली. तेथे गिऱ्हाईक थोडी अनामत भरून भाव चढेल किंवा उतरेल असे सांगे. प्रत्यक्षात शेअर वा धान्य कोणीच विकत घेत नसे, आणि गिऱ्हाइकाचा तोटा तोच दुकानदाराचा नफा ठरे. शिकागोच्या धान्यबाजाराने या दुकानांविरुद्ध चालवलेल्या खटल्यात 1905 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाजाराच्या बाजूने निकाल दिला. बाजारातील बहुतेक वायदे, म्हणजे पुढील तारखेला ठरलेल्या भावाने माल देण्याघेण्याचे करार, परस्पर वजावटीने मिटत असले, तरी त्यांमागे माल देण्याचे खरे बंधन असते म्हणून ते जुगार ठरत नाहीत, असे न्यायमूर्ती होम्स यांनी त्या निकालात मांडले. वैध सट्टा आणि होड, म्हणजे पैज, यांच्यातील सीमारेषा अशा रीतीने ‘डिलिव्हरी’वर, म्हणजे मालाच्या प्रत्यक्ष ताब्यावर, आखली गेली.

मुंबईला हा प्रश्न परका नव्हता. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने होडीचा करार रद्दबातल ठरवला होता, आणि मुंबई इलाख्यात तर 1865 च्या कायद्यानुसार होडीला पूरक असणारे करारदेखील निरर्थक ठरत. तरीही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत, त्या अंकांवर पैसे लावले जात आणि त्यातूनच पुढे ‘मटका’ फोफावला. दूरदेशीच्या बाजारातील आकड्यावर, त्या बाजाराशी काडीचाही संबंध न ठेवता पैसे लावण्याची ही पद्धत मुंबईने इंटरनेटच्या कितीतरी आधी पाहिली होती, याची नोंद या विषयाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

डिलिव्हरीची अट अमेरिकेत ढिली झाली ती 1981 च्या अखेरीस, जेव्हा शिकागोत व्याजदरावरील एका वायद्याला केवळ पैशाने मिटवण्याची मुभा मिळाली. या पद्धतीला ‘रोख फेड’ म्हणतात: मुदत संपताच ठरलेला भाव आणि प्रत्यक्ष भाव यांतील फरक एका पक्षाने दुसऱ्याला द्यायचा. पुढच्याच वर्षी, 24 फेब्रुवारी 1982 रोजी, कॅन्सस सिटीच्या गव्हाच्या बाजारात निर्देशांकावरील पहिला वायदा उघडला, आणि 21 एप्रिल रोजी, लोणी-अंड्यांच्या व्यापारातून वाढलेल्या शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने ‘एस अँड पी 500’चा वायदा आणला. त्यात निर्देशांकाच्या एका अंकाचे मोल 500 डॉलर ठरले, म्हणजे निव्वळ संख्येला गुणक लावून तिचा माल बनवला गेला. लंडनचा ‘एफटीएसई 100’ तर 3 जानेवारी 1984 रोजी जन्माला आला तोच मुख्यतः वायद्यासाठी लागणारा, मिनिटामिनिटाला मोजता येणारा आकडा म्हणून.

जुनी अट किती खोल रुजलेली होती हे जपानच्या उदाहरणावरून कळते. तेथील कायदा रोख फेड मानत नसल्यामुळे ‘निक्केई 225’चा वायदा आधी 1986 साली सिंगापुरात सुरू झाला, ओसाकाच्या बाजाराने 1987 मध्ये काढलेल्या वायद्यात मात्र मुदतीअखेर पन्नास कंपन्यांचे शेअर खरोखरच एकगठ्ठा द्यावे लागत, आणि कायदा बदलल्यावर 1988 साली निक्केईचा वायदा मायदेशी आला. अमूर्त आकड्याला मालाचे शरीर देण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न क्वचितच कुठे झाला असेल.

भारतात शेअरांचे वायदे 1969 पासून बंद होते. डॉ. एल. सी. गुप्ता समितीच्या 1998 मधील अहवालानंतर, 1999 साली रोखे करार नियमन कायद्यात 18-अ हे कलम घालण्यात आले आणि त्याने अशा सौद्यांना होडीच्या आक्षेपातून सोडवले. त्यानंतर 9 जून 2000 रोजी दलाल स्ट्रीटवर सेन्सेक्सचा आणि 12 जून रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचा वायदा सुरू झाला. या सुटकेला दोन अटी होत्या: सौदा मान्यताप्राप्त बाजारात व्हावा, आणि तो त्या बाजाराच्या समाशोधन गृहातून, म्हणजे दोन्ही पक्षांमध्ये उभे राहून फेडीची हमी घेणाऱ्या संस्थेमार्फत, मिटावा. डिलिव्हरीने पूर्वी जी विश्वासार्हता दिली होती ती आता या हमीतून मिळू लागली, हा बदल कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होय.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. परकीय चलनावरील निर्बंधांमुळे सामान्यांना सोने घेणे अवघड होते, तेव्हा 1974 साली ‘आयजी इंडेक्स’ या संस्थेने सोन्याच्या भावावर होड स्वीकारण्यास प्रारंभ केला. 1986 च्या वित्तीय सेवा कायद्याने व्यवसाय म्हणून केलेल्या अशा करारांवरील जुगाराचा आक्षेप दूर केला, आणि पुढे ‘सीएफडी’, म्हणजे फरकाचा करार, लोकप्रिय झाला. यात बाजार नसतो. दलालच समोरचा पक्ष असतो. काही दलाल गिऱ्हाइकाच्या सौद्याइतकाच उलटा सौदा बाजारात करून स्वतःची जोखीम भागवतात, तरी कराराची रचना जुन्या दुकानांचीच आठवण करून देते. युरोपच्या नियामकाने 2018 साली अशा किरकोळ खात्यांपैकी 74 ते 89 टक्के खाती तोट्यात असल्याचे सांगितले आणि प्रमुख निर्देशांकांवर अनामतीच्या वीसपटीपेक्षा मोठा सौदा करण्यास मनाई केली.

परदेशी दलालाच्या ॲपवरून डाऊ वा निक्केईचा फरकाचा करार करणारा पुण्याचा किंवा नाशिकचा रहिवासी या इतिहासात नेमका कोठे उभा आहे, हे पुढील दोन गोष्टींवरून ठरते. मार्जिनसाठी, म्हणजे अनामतीपोटी, परदेशात पैसे पाठवण्यास रिझर्व्ह बँकेची उदारीकृत धनप्रेषण योजना मुभा देत नाही. आणि 18-अ कलमाचे कवच केवळ मान्यताप्राप्त बाजारातील, समाशोधन गृहातून मिटणाऱ्या सौद्यांनाच असल्यामुळे, त्याच्या कराराला ते लाभत नाही.