जुन्या अँबेसिडर-कॉन्टेसाचा इनटेक मॅनिफोल्ड बदलावा का? निवड, फिटिंग आणि नियम सोप्या भाषेत

लाल रंगाची मस्टँग, उघडं बॉनेट. मिस्त्री इंजिनावरचा काळा लोखंडी भाग काढतो आणि तिथे चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा नवा भाग बसवतो. पुढच्याच सेकंदाला गाडी धूर उडवत सुटते. असे रील्स सध्या सगळ्यांच्याच फीडमध्ये येतात. मग ज्यांच्या घरी आजोबांची अँबेसिडर किंवा काकांची कॉन्टेसा शेडमध्ये उभी आहे, त्यांना प्रश्न पडतो: आपल्या गाडीलाही हे बसेल का?

उत्तर आहे, बसू शकतं. पण चुकीचा भाग निवडला किंवा घाईत फिटिंग केलं, तर पिकअप वाढायच्या ऐवजी इंजिन खराब होऊ शकतं आणि गाडीला आगही लागू शकते. शिवाय 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल, तर तिचा ‘व्हिंटेज’ दर्जाही धोक्यात येऊ शकतो. बीडसारख्या उष्ण आणि धुळीच्या जिल्ह्यात तर आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात.

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे नेमकं काय?

कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळतं. हे मिश्रण प्रत्येक सिलेंडरपर्यंत नेणारा नळ्यांचा सांगाडा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. शेतातल्या पाइपलाइनचंच उदाहरण घ्या. मोटर कितीही चांगली असली, तरी पाइप अरुंद किंवा वेडावाकडा असेल तर शेवटच्या वाफ्याला पाणी कमी मिळतं. इंजिनाचंही तसंच आहे. सगळ्या सिलेंडरना सारखं मिश्रण मिळालं नाही, तर इंजिन थरथरतं, मिसिंग करतं आणि ताकद कमी पडते.

‘परफॉर्मन्स’ मॅनिफोल्डमध्ये या नळ्यांचा आकार, लांबी आणि वळणं बदललेली असतात, त्यामुळे जास्त हवा कमी अडथळ्याने आत जाते. तो बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, म्हणून वजनही कमी होतं.

अमेरिकेत याचं एवढं वेड का?

1964 ची पॉन्टियाक जीटीओ ही मसल कारच्या जमान्याची सुरुवात मानली जाते. तिच्या 6.4 लिटरच्या इंजिनाला एक चार नळ्यांचा कार्बोरेटर असेल तर कंपनी 325 हॉर्सपॉवर सांगायची. त्याच इंजिनावर तीन कार्बोरेटरचा ‘ट्राय-पॉवर’ सेट घेतला की आकडा 348 व्हायचा. म्हणजे इंजिन तेच, पण श्वास घेण्याची सोय बदलल्यावर 23 हॉर्सपॉवरचा फरक.

व्हिक एडेलब्रॉक यांनी 1938 मध्ये फोर्डच्या व्ही-8 इंजिनासाठी असा मॅनिफोल्ड बनवला होता. त्यांच्या नावाची कंपनी आजही हेच भाग विकते.

मग भारतातली ‘मसल कार’ कोणती?

खऱ्या अर्थाने एकही नाही. पण लोकांनी ते बिरूद हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाला दिलं. लांब बॉनेट, चौकोनी चेहरा, मागच्या चाकांना ताकद. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सवर आधारलेली ही गाडी 1984 ते 2002 या काळात तयार झाली. सुरुवातीच्या कॉन्टेसाला अँबेसिडरचंच 1489 सीसीचं बीएमसी इंजिन होतं, ताकद साधारण 50 हॉर्सपॉवर. एवढ्या मोठ्या गाडीला ते पुरत नव्हतं. पुढे 1.8 लिटरचं इसुझू इंजिन आलं आणि गाडीत जीव आला.

गंमत म्हणजे हेच बीएमसी ‘बी-सिरीज’ घराण्याचं 1489 सीसी इंजिन 1955 च्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही होतं. तिथे ते 68 हॉर्सपॉवर द्यायचं. कारण तिथे दोन एसयू कार्बोरेटर आणि त्यांच्यासाठी वेगळा मॅनिफोल्ड होता, शिवाय इंजिनाच्या आतही बदल होते. म्हणजे हे इंजिन जोरात पळू शकतं, पण फक्त मॅनिफोल्ड बदलून 68 चा आकडा मिळणार नाही.

निवडताना सगळ्यात मोठी चूक कोणती होते?

‘जेवढा मोठा, तेवढा भारी’ असं समजणं.

थोडं गणित करू. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या सीसीएवढी हवा घेऊ शकतं. 1489 सीसीचं इंजिन 5000 आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे 3700 लिटर हवा ओढेल. जुनं इंजिन पूर्ण भरत नाही, म्हणून त्याचे 80 टक्के धरले तर सुमारे 3000 लिटर. अमेरिकन 5.7 लिटरच्या व्ही-8 ला 5500 आरपीएमला 13 हजार लिटरहून जास्त लागते. त्याच्यासाठी बनवलेला कार्बोरेटर आपल्या इंजिनावर लावला, तर हवेचा वेग मंदावतो. वेग नसला की पेट्रोल नीट फुटत नाही, थेंब थेंब होऊन नळीच्या भिंतीला चिकटतं. गाडी सिग्नलवर बंद पडते आणि अ‍ॅव्हरेजही गडगडतं.

व्ही-8 मध्ये दोन मुख्य प्रकार दिसतात:

- ड्युएल प्लेन: आतले रस्ते दोन मजल्यांत विभागलेले असतात. कमी आणि मधल्या आरपीएमला चांगला जोर मिळतो. एडेलब्रॉकचा ‘परफॉर्मर’ आयडलपासून 5500 आरपीएमपर्यंत वापरासाठी आहे.
- सिंगल प्लेन: सगळ्या नळ्या एकाच मोकळ्या खोलीतून निघतात. ताकद वरच्या आरपीएमला मिळते. त्याच कंपनीचा ‘व्हिक्टर ज्युनिअर’ 3500 ते 7500 आरपीएमसाठी आहे, म्हणजे मुख्यतः रेस ट्रॅकसाठी.

रोजच्या रस्त्यावर, मांजरसुंब्याच्या घाटात किंवा धुळे-सोलापूर महामार्गावर गाडी क्वचितच 4000 च्या वर जाते. त्यामुळे खालचा जोर देणारा मॅनिफोल्डच कामाचा.

अँबेसिडर आणि जुन्या कॉन्टेसाचं इंजिन वेगळं कसं आहे?

बीएमसी इंजिनात तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली, चार सिलेंडरना इनटेकचे दरवाजे फक्त दोनच आहेत. 1 आणि 2 नंबरचे सिलेंडर एकाच दरवाजातून हवा घेतात, 3 आणि 4 दुसऱ्या. म्हणून जुळे कार्बोरेटर लावले तर प्रत्येकाने एक दरवाजा सांभाळायचा असतो, आणि दोघांची हवा सारखी जुळवावी लागते.

दुसरी, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. पेट्रोलने भरलेला कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी बसतो. बीडच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात बॉनेटखाली पेट्रोल उकळून गाडी बंद पडायला वेळ लागत नाही. त्यामुळे पत्र्याची हीट शील्ड आणि उष्णता अडवणारा स्पेसर हवाच. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल एक्झॉस्टवर गळलं, तर थेट आग.

तिसरी, दोन्ही मॅनिफोल्ड एकाच पॅकिंगवर आणि सामाईक स्टडवर, जाड वायसरने दाबलेले असतात. नव्या मॅनिफोल्डची फ्लँज जुन्या एक्झॉस्टच्या फ्लँजपेक्षा जाड किंवा पातळ असेल, तर एक बाजू दबते आणि दुसरी लीक होते. खरेदीआधी व्हर्नियरने जाडी मोजा. फरक असेल तर लेथवर समान करून घ्या.

ब्रिटनमध्ये जुन्या एमजी गाड्यांसाठी सुटे भाग आजही बनतात. मात्र ‘बी-सिरीज’ एवढं नाव बघून ऑर्डर करू नका. स्टडमधलं अंतर, पोर्टचा आकार आणि बॉनेटखालची जागा मोजून खात्री करा. इसुझू इंजिनाला तर हा भाग चालणारच नाही.

फिटिंग कसं करतात?

1. बॅटरीची वायर काढा. इंजिन पूर्ण थंड हवं. अग्निशामक सिलेंडर हाताशी ठेवा.
2. प्रत्येक पाइप आणि केबलचा फोटो काढा, चिठ्ठ्या लावा. व्ही-8 मध्ये अनेकदा कूलंट मॅनिफोल्डमधून जातं, म्हणून आधी रेडिएटर रिकामा करतात. बीएमसी इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून पाणी फिरत नाही.
3. नट सुटत नसेल तर जोर लावू नका. गंजलेला स्टड हेडमध्येच तुटला, तर काम दुप्पट होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.
4. पोर्टमध्ये स्वच्छ कापड कोंबूनच जुनं पॅकिंग खरवडा. एक तुकडा आत पडला तरी व्हॉल्व्हचं नुकसान होतं. शेवटी कापड काढायला विसरू नका.
5. सपाट पट्टी लावून मॅनिफोल्डचा चेहरा सरळ आहे का बघा. नवं पॅकिंग पोर्टच्या आत डोकावत नाही ना, तेही तपासा.
6. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. टॉर्क पाना वापरा आणि बनवणाऱ्याने दिलेला आकडाच पाळा. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेलं अ‍ॅल्युमिनियम तडकू शकतं.
7. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत त्याचा व्हॅक्यूम पाइप मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तो राहिला किंवा ढिला बसला, तर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. पहिल्या चकरेआधी हे तपासाच.
8. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा. थ्रॉटल झटकन बंद व्हायला हवा. परतीची स्प्रिंग कमजोर असेल, तर गाडी रेसमध्ये अडकेल.

हवा लीक होतेय, हे कसं ओळखायचं?

आयडलला आरपीएम वर-खाली होणं, सूं असा आवाज, कार्बोरेटरमधून फट्-फट् होणं ही लक्षणं. बाहेरची हवा आत शिरली की पेट्रोल कमी पडतं, मिश्रण ‘लीन’ होतं, इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जळू शकतो.

अनेक व्हिडिओंत जोडावर कार्ब क्लीनर मारून लीक शोधतात. बीएमसी इंजिनात खालीच तापलेला एक्झॉस्ट असल्याने हे धोक्याचं आहे. इंजिन फार तापायच्या आत जोडावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज बदलला, तर लीक तिथेच. व्हॅक्यूम गेज असेल तर निरोगी इंजिन आयडलला साधारण 17 ते 21 इंच दाखवतं आणि काटा स्थिर राहतो.

रीलमधला जेट नंबर इथे चालेल का?

नाही. बीड शहर समुद्रसपाटीपासून साधारण 500 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा 5 ते 6 टक्के विरळ आहे. उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते. विरळ हवेत तोच जेट जास्त पेट्रोल देतो.

दुसरीकडे पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलच्या 1 किलोला पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, ई-20 ला सुमारे 13.5 किलो. म्हणजे ई-20 ला त्याच हवेत जास्त इंधन हवं. एक गोष्ट मिश्रण घट्ट करते, दुसरी पातळ. म्हणून ट्यूनिंग इथल्याच हवेत, इथल्याच पेट्रोलवर, स्पार्क प्लगचा रंग बघत करावं लागतं. तपकिरी रंग चांगला, पांढरा म्हणजे लीन, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात किंवा तडकतात, तेही सोबतच बदला.

आणि एअर फिल्टर काढून उघडी भोंगळी लावण्याची फॅशन इथे नकोच. फुफाट्यातली बारीक धूळ थेट सिलेंडरमध्ये गेली, तर रिंगा लवकर घासतात.

आरटीओच्या नियमांचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर मॅनिफोल्डची नोंद नसते, पण गाडी पीयूसीत बसलीच पाहिजे. भारत स्टेज-2 आधीच्या पेट्रोल कारसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे. ट्यूनिंग बिघडलं, की आकडे वर जातात. काम करण्याआधी एमएच-23 असो वा एमएच-44, आपल्या आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं.

50 वर्षांपेक्षा जुन्या अँबेसिडरच्या मालकांनी तर दोनदा विचार करावा. 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. नोंदणीची फी 20 हजार रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात बदल केलेले नकोत. कॉन्टेसाला ही पन्नाशी गाठायला अजून अवधी आहे, पण तिचीही वेळ येईल.

मग करायचं काय?

आधी जुनंच इंजिन नीट करा. कॉम्प्रेशन, टायमिंग, प्लग, कार्बोरेटरची साफसफाई आणि नवं पॅकिंग एवढं केलं, तरी अनेक गाड्यांचा हरवलेला पिकअप परत येतो. इंजिन तब्येतीने ठणठणीत असेल, मोजमाप जुळत असेल आणि कागदपत्रांची खात्री झाली असेल, तरच मॅनिफोल्डचा विचार करा.

बदलला, तर जुना मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून, नट-वायसरसकट घरात ठेवा. उद्या गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची किंवा विकायची वेळ आली, तर तोच लोखंडी तुकडा सगळ्यात महाग ठरू शकतो.